कोसाडहून परत आलेला पाळणा

आमच्या घरचा पाळणा सागवानी आहे. त्याला टांगायला सागवानीच चौकट, साखळ्या पितळेच्या, कठड्यावर कोरलेले चार राघू, आणि तळाच्या फळीवर सुताराने खिळ्याने ओढलेले साल : १९७१. या पाळण्यात माझी तीन मुले आणि पाच नातवंडे वाढली. परक्याचे मूल त्यात कधी निजवले गेले नाही, आणि हा नियम माझा आहे. मी पालिकेच्या मराठी शाळेत तेहतीस वर्षे शिकवले. नियम करणे आणि ते पाळून घेणे यांतच माझी हयात गेली. सुरतेतली आमची खानदेशी माणसे मला अजूनही प्रमिलाबाई म्हणून ओळखत नाहीत, ‘मोठ्या बाई’ म्हणतात. तेव्हा हा पाळणा कोणी न मागता मी स्वतःहून घराबाहेर कसा धाडला आणि तो दोन तासांत परत कसा आला, हे मीच लिहिलेले बरे. दुसऱ्याने सांगितले तर त्यात मीठमसाला पडेल.

गोष्ट गेल्या डिसेंबरची. आमचे घर अमरोलीला, कोसाडच्या वसाहतीपासून चालत दहा मिनिटांवर. सून वर्षा घरच्या ओट्यावर साड्यांना लेस लावून देण्याचे काम चालवते. सकाळी दहाला पाच-सहा बाया येतात, सतरंजीवर ओळीने बसतात, आणि मी खुर्चीवरून त्यांचे टाके पाहते. वाकडा टाका मला चष्म्याशिवायही दिसतो. या बायांत सर्वांत सरळ टाका इंदुबाई गावितचा. ती नवापूरकडची. कोसाडच्या एका इमारतीत, एका खोलीत राहते. नवरा सुरतेजवळच्या सचिन गावात रंगाच्या कारखान्यात आहे. तिच्या आजोबांपासून घर ख्रिस्ती. चार वर्षांत तिने आपल्या देवाविषयी ओट्यावर अवाक्षर काढले नव्हते. सुट्टी मागायची वेळ आली, तेव्हाच तो विषय निघाला.

“बाई, चोवीस-पंचवीसला मी येणार नाही,” ती म्हणाली. “नाताळ आहे. पोरांची नाटिका बसवलीय आम्ही, इमारतीखाली पार्किंगमध्ये.”

“मग केक असेल ना, इंदूमावशी?” गायत्रीने विचारले. गायत्री एकोणीस वर्षांची, तिचे अर्धे लक्ष सुईत आणि अर्धे फोनमध्ये. “मॉलमध्ये काय मस्त तारा लावलाय. फोटो काढायला लाइन लागते, लाइन.”

मंगलाबाई धरणगावची. तिची जीभ तिच्या सुईहून तीक्ष्ण आहे. “आज केक वाटतीन, सकाय पुस्तक वाटतीन, मंग आपले बी त्यासनामा लई जातीन.”

“तुला नेऊन काय करू, मंगलाताई?” इंदुबाई दोरा तोडत म्हणाली. “तू तिकडं येऊनही टाका वाकडाच घालशील.”

ओटा हसला. मंगलाबाईही हसली, पण उशिराने.

“गोष्ट काय आहे ती आधी सांग,” मी म्हणाले. “न ऐकता मत देणे माझ्या वर्गात चालत नव्हते, माझ्या ओट्यावरही चालणार नाही.”

इंदुबाईने सुईतून नजर न काढता सांगायला सुरुवात केली. राजाने शिरगणतीचा हुकूम काढला. जो तो आपापल्या मूळ गावी निघाला. एक सुतारही निघाला, बरोबर बायको, तिचे दिवस भरलेले.

“थांब,” मी म्हणाले. “दिवस भरलेली बाई प्रवासाला काढली कोणी?”

“सरकारी हुकूम, बाई.”

“शिरगणतीची कामे मी स्वतः केली आहेत, तीनदा. गरोदर बाईला गावोगाव चालवा, असे कुठल्याच फॉर्मवर लिहिलेले नसते.”

“त्या राजाच्या फॉर्मवर असेल,” इंदुबाई शांतपणे म्हणाली. तिने पुढे सांगितले. त्या बाईचे बाळंतपण गोठ्यात झाले, लेकराला कापडात गुंडाळून गव्हाणीत ठेवले, आणि रानात मेंढरे राखणाऱ्यांना देवदूताने वर्दी दिली की तुमचा तारणारा जन्मला, जा आणि पाहा. ते धावत आले आणि त्यांनी त्या लेकराला हात जोडले.

“दाई कोण होती?”

“दाईचं काही लिहिलेलं नाही, बाई.”

“मग लिहिणारा पुरुष असणार. आणि मेंढपाळ त्याच रात्री आत शिरले? सोयर पाळायचे नाही? पाचवी पुजायच्या आत परकी माणसे बाळंतिणीपाशी?”

“देवानंच बोलावलं होतं ना त्यांना. मोठ्या लोकांना सोडून आधी त्यांनाच.”

“आपला किसनदेव तुरुंगमा जनमना, यासना गोठामा,” मंगलाबाई म्हणाली. “देवसले चांगली जागा काब्र भेटत नही वं?”

यावर मीही हसले असते. पण ‘गव्हाण’ हा शब्द माझ्या कानात अडकून बसला होता.

आमच्यात नवऱ्याचे नाव घ्यायची रीत नाही. उखाण्याखेरीज मी ते कधी घेतले नाही. परंतु ही गोष्ट त्या नावाशिवाय कळणार नाही, म्हणून लिहिते. माझ्या दिवंगत यजमानांचे नाव दगा. माझ्या सासूबाईंची आधीची चार लेकरे पाचवीचा दिवस पाहण्यापूर्वीच गेली. पाचवे जन्मले तेव्हा त्यांनी ते पोटाशी न घेता गोठ्यात नेले, बैलांच्या गव्हाणीत कडब्यावर ठेवले, आणि मोठ्याने म्हणाल्या, ‘पोर कसलं, हा तर दगड.’ मृत्यूने ऐकावे आणि उंबरठ्यावरूनच परत फिरावे म्हणून. दगड म्हणून दगा, तोच हा. तो जगला, शिकला, सुरतेत कापडाच्या मागावर कामाला लागला. त्याला पहिला मुलगा झाला, तेव्हा सासूबाईंनी आपला नवस फेडला : गव्हाणीत जगलेल्याचे लेकरू सागवानी पाळण्यात निजेल. पाळणा आला तो असा.

म्हणून मी ओट्यावर निर्णय दिला. “मला कळले. त्या माउलीची आधीची लेकरे गेली असणार. दृष्ट चुकवायला तिने याला गव्हाणीत लपवले. हे आमच्याकडेही करतात.”

इंदुबाईने मान वर केली. तिला काही बोलायचे होते. पण तेवढ्यात पार्सलचा टेम्पो दारात आला, साड्यांचे गठ्ठे मोजून चढवायची घाई झाली, आणि तिचे वाक्य तोंडातच राहिले. ते कोणते, हे मला चार दिवसांनी कळले.

त्या चार दिवसांत माझ्या मनाने एक गोष्ट घेतली. लेकरू जगले, मोठे झाले, अर्ध्या जगाने त्याला देव मानले, आणि तरीही दर वर्षी त्याला गव्हाणीतच ठेवतात. याचा अर्थ त्याच्या घरच्यांचा नवस फेडायचा राहिला आहे. जगलेल्या लेकराला पाळणा मिळाला पाहिजे. आमच्यापासून दहा मिनिटांवर देव कडब्यावर निजलेला असताना माळ्यावर सागवानी पाळणा रिकामा पडून राहावा, हे मला शोभणारे नव्हते.

तेवीस तारखेला जेवताना मी हे सांगितले. माझा मुलगा योगेंद्र चौपन्न वर्षांचा आहे. कापडबाजारात त्याच्या शब्दाला किंमत आहे, माझ्यापुढे मात्र तो शब्द मोजून वापरतो.

“आई, कशाला ती भानगड,” तो म्हणाला. “उद्या कोणी म्हणेल, यांनी दुसऱ्या धर्माच्या कार्यक्रमाला सामान पुरवलं.”

“लाकडाला धर्म असतो हे मला नवीन आहे.”

“लोकांना असतो ना, आई.”

“लोकांना मी उत्तर देईन. तू भाजी घे.”

नातू भूपेंद्र ताटावरून हसला. तो वर्षाच्या मालाचा टेम्पो चालवतो आणि आमच्याशी तीन भाषांत बोलतो. “आजीनो ऑर्डर छे, पप्पा. आपणे सुं करीए?”

वर्षा पोळी लाटत होती. तिचे लाटणे थांबले. ती माझ्याकडे पाहत राहिली. तीस वर्षांत तिने माझ्याकडे असे रोखून कधी पाहिले नव्हते. मी तिला काही विचारले नाही, कारण ती कशासाठी पाहते आहे हे मला ठाऊक होते.

ते आता लिहिलेच पाहिजे. माझी नात धनश्री, वर्षाची मुलगी, हिने दोन वर्षांपूर्वी राकेशशी लग्न केले. राकेश बौद्ध. त्याचे वडील बाजीराव रेल्वेत होते. राकेश माझ्याच शाळेत शिकला, त्याला अक्षर मीच गिरवायला लावले, आणि त्याची वही मी इतर वर्गांना नेऊन दाखवत असे. वर्गात मी सर्व मुलांना एका सतरंजीवर बसवले, आणि त्याचा मला अभिमान होता. माझ्या घरात मात्र मला ते जमले नाही. सातव्या महिन्यात धनश्री माझ्यापुढे येऊन उभी राहिली. पहिले बाळंतपण माहेरी असते, ही रीत मीच तिला शिकवली होती. ती म्हणाली, “आजी, मी इथे येऊ ना?” मी म्हणाले, “या घरात जागा नाही.” वरच्या मजल्यावर तीन खोल्या आहेत. एकीत गहू आहेत.

ती गेली. नोव्हेंबरात सुरतेबाहेर कडोदऱ्याला, सासरी, तिला मुलगी झाली, एवढेच वर्षाने मला सांगितले. आणखी एक निरोप होता : पाळण्याशिवाय आणि आजीशिवाय धनश्री मुलीचे बारसे करणार नाही. बारा दिवस झाले, महिना झाला, मुलगी बिननावाची होती. हट्ट कोणाचा आहे हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. मीही हटले नाही. दर गुरुवारी वर्षा ‘कडोदऱ्याला माल पाहून येते’ म्हणून जात असे, आणि दर शुक्रवारी डिंकाचा डबा थोडा रिकामा दिसे. घरात बाळंतीण नसताना डिंक कोण खाते, हे मी विचारले नाही. तीही बोलली नाही. मला खोटे सांगावे लागू नये एवढ्यापुरतीच ती गप्प राहिली. अशी सून मी केली आहे.

चोवीसच्या सकाळी पाळणा माळ्यावरून उतरला. मी स्वतः साखळ्या चिंचेने घासल्या. नवी गोधडी घातली, राघूंवर तेलाचा हात फिरवला. ओट्यावरच्या बाया पाहत राहिल्या. “यासना देवनी मज्या शे,” मंगलाबाई पुटपुटली. भूपेंद्रने पाळणा चौकटीसह टेम्पोत बांधला आणि तो कोसाडकडे निघून गेला. मी खुर्चीत बसले. फार मोठे काम केल्यावर मनात जे समाधान असते, ते माझ्या मनात होते.

साडेअकराच्या सुमारास टेम्पो परत आला. पाळणा जसा नेला तसाच बांधलेला होता, आणि भूपेंद्रच्या शेजारी इंदुबाई बसलेली होती. तिच्या हाताला पताकांचा रंगीत कागद चिकटला होता. काम टाकून आली होती.

मी दिलेली वस्तू आजवर कोणी परत पाठवलेली नाही. मी खुर्चीतून उठले नाही.

“काय कमी आहे त्यात?” मी विचारले.

“काहीच कमी नाही, बाई. पोरांनी हात लावून लावून पाहिला. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी तर नमस्कार सांगितलाय तुम्हाला.” ती पायरीवर बसली, माझ्या पायांपाशी, पण नजर खाली न घालता. “पण बाई, पाळणा ठेवला तर आमची गोष्टच उरत नाही.”

“का नाही उरत? लेकरू जगले. त्याला पाळणा हवा.”

“तुम्ही त्या दिवशी म्हणालात ना, तिची आधीची लेकरं गेली असतील. मला तेव्हाच सांगायचं होतं. नव्हती गेली. ते तिचं पहिलंच बाळंतपण.”

“मग गव्हाणीत का ठेवले?”

“जागा नव्हती, बाई.”

मी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“ते गावात पोचले, दारं ठोठावली, धर्मशाळेतही विचारलं,” इंदुबाई सांगत होती. आवाजात गाऱ्हाणे नव्हते, उपदेशही नव्हता, आपल्या माहेरची हकिकत सांगावी तसा सूर. “जो तो म्हणाला, जागा नाही. असेल तर असेलही, कोणास ठाऊक. गावच त्यांचं मूळ होतं ना, कोणी तरी नात्यातलं असेलच तिथं. पण नाही मिळाली. म्हणून गोठा. आमच्या पोरांना दर वर्षी हेच दाखवायचं असतं, की देव आला तेव्हा आपण दार लावून घेतलं होतं. त्यानं तरी राग धरला नाही, गोठ्यात तर गोठ्यात, तो आला. आता तिथं सागवानी पाळणा ठेवला की लोक म्हणतील, सोय झालीच होती की.”

इंदुबाईला धनश्रीचे काहीही माहीत नव्हते. घरातली गोष्ट ओट्यावर जाऊ नये, हाही माझाच नियम. तिने ते शब्द मला लावून म्हटलेले नव्हते, आणि म्हणूनच त्यांना उत्तर देता येत नव्हते. टोमणा असता तर मी परतवला असता.

मी तिच्याकडे पाहिले. एका खोलीत चार माणसे राहणारी ही बाई, जिने चार वर्षांत माझ्याकडे उसना चहासुद्धा मागितला नाही, ती कोसाडहून माझ्यासारखीला ‘नाही’ म्हणायला आली होती. तेही माझ्या पायरीवर बसून, माझा मान राखून. तेहतीस वर्षांत माझ्या हाताखाली पुष्कळ शिक्षक आले. असे ‘नाही’ म्हणणारे त्यांत दोन होते.

“राग आला का, बाई?”

“आला,” मी म्हणाले. “तुझा नाही.”

भूपेंद्रने दोर सोडायला हात घातला होता. “उतरवू का, आजी?”

“उतरवू नको.” मी उठले. “वर्षा, डिंकाचे लाडू जेवढे असतील तेवढे डब्यात घाल. लपवलेलेही.”

वर्षा दारातच उभी होती. तिने डोळ्यांना पदर लावला आणि आत गेली. मी तिला रडताना पाहिले नाही असे दाखवले. तेवढे मला येते.

“आजी, आ घोडियुं क्यां लई जवानुं?” भूपेंद्रने पाळण्यावर हात ठेवून विचारले. त्याला कळले होते. तरी त्याला ते माझ्या तोंडून ऐकायचे होते.

“कडोदऱ्याला. आणि माझ्याशी मराठीत बोल.”

वाटेत इंदुबाईला कोसाडच्या वळणावर उतरवले. “गव्हाण कशाची करणार आता?” मी विचारले. ती म्हणाली, “केळीवाल्याकडून पेटी मागितलीय, तो आज-उद्या करतोय. होईल काही तरी.” मग तापीचा पूल ओलांडून आम्ही वराछ्याच्या गर्दीत शिरलो. वर्षा मध्ये बसली होती, मांडीवर डबा घट्ट धरून. मी रस्ताभर काय बोलायचे याची जुळवाजुळव करत होते. कडोदरा आले, तोवर काहीही जुळले नव्हते.

खोली दुसऱ्या मजल्यावर. खाली मागांचा खडखडाट, जिन्यात कोऱ्या, न रंगवलेल्या ‘ग्रे’ कापडाचे तागे. राकेश कामावर गेला होता. दार त्याच्या आईने, प्रभावतीने उघडले. पालकसभेला ही बाई नेहमी मागच्या बाकावर बसत असे, मला आठवले.

“या बाई,” ती म्हणाली. “वाट चुकलात का?”

“वाट चुकले नाही. उशीर झाला.”

तिने दारातून बाजूला होऊन मला आत घेतले. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली स्वच्छ पुसलेली फरशी, आणि कोपऱ्यात धनश्री. तिचा चेहरा उतरलेला होता. तिच्या पुढ्यात साड्यांच्या पार्सलचे पुठ्ठ्याचे खोके होते, त्यात मऊ कापडाच्या घड्या, आणि त्या घड्यांवर मुलगी. एवढीशी. माझ्या दोन तळहातांत मावावी एवढी.

धनश्री उठायला लागली. मी हाताने तिला बसवले.

“खोक्यात?” मी विचारले.

“छताला कडी नाही, आजी. घरमालक ठोकू देत नाही, म्हणून झोळी नाही बांधता येत.” तिने मुलीवरचे कापड सारखे केले. मग म्हणाली, “तसं नाही. खरं सांगू? पलंग होता. मीच खोक्यात ठेवली.”

“का?”

“आठ दिवस काचेच्या पेटीत होती ती. वजनच नव्हतं. डॉक्टर काही बोलेनात.” मी वर्षाकडे पाहिले. तिने मान खाली घातली. हे तिने मला सांगितले नव्हते, आणि तिने सांगावे अशी मी राहिलेही नव्हते. “घरी आणली तेव्हा मला तुझी गोष्ट आठवली, आजोबांची. मग गव्हाण कुठून आणू मी कडोदऱ्यात? हे खोकं होतं.”

“आणि हाक काय मारता?”

उत्तर प्रभावतीने दिले. “दगू म्हणते तिला. मी म्हटलं, अगं पोरीला दगू? तर म्हणे, नाव नाही ते, नावाच्या जागी ठेवलेला दगड आहे. आजी येईपर्यंत.”

माझ्या सासूबाई जाऊन चाळीस वर्षे झाली. खानदेशातल्या एका गोठ्यात त्यांनी म्हटलेले वाक्य मागांच्या खडखडाटावरच्या एका खोलीत मला असे ऐकू यावे, हे मी कल्पिले नव्हते. मी खाली बसले. पाचवीचे विचारायचे नाही असे ठरवून आले होते, तरी विचारले.

“पाचवी?”

“आम्ही सटवाई मानत नाही, बाई,” प्रभावती म्हणाली. तिने माझ्याकडे सरळ पाहिले. “पण पोर काचेत, आणि ही रडायला लागली, की माझी आजी असती तर दिवा लावून जागली असती. मग जागले मी. तिथेच, दवाखान्याच्या बाहेर, बाकावर. दिवा लावू देईनात, म्हणून फोनची बॅटरी लावून ठेवली. कोरा कागद ठेवला, पेन ठेवलं. म्हटलं, तुमची ती सटवाई आली तर लिहील, नाही आली तर मी लिहीन.”

“लिहिले का?”

“लिहिलं ना. ‘खूप शिकेल.’ दुसरं काय लिहिणार?”

मी पुष्कळ पाचव्या पुजल्या. माझ्या पुजेत कधी चूक निघाली नाही. पण आपला विश्वास नसताना दुसऱ्याच्या भीतीसाठी बाकावर जागून काढलेली अशी रात्र माझ्या खाती एकही नाही. मी हे प्रभावतीला म्हणाले नाही. मी तिला माझ्या शेजारी बसायला सांगितले, आणि ती बसली. एकाच सतरंजीवर.

भूपेंद्रने पाळणा वर आणला. चौकट उभी केली. जिन्यात अडकून एका राघूची चोच मोडली होती. त्याने घाबरून माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, “असू दे. आता कोणाला टोचणार नाही.” धनश्री हसली. कित्येक महिन्यांनी मी ते हसू पाहत होते.

मुलीला उचलायला मी वाकले. ती जागी झाली होती. तिचे डोळे थेट माझ्या यजमानांचे, गारगोटीसारखे करडे. तिला उचलताना हाक मारायला हवी, आणि हाक मारायला एकच शब्द होता. तो शब्द मी पंचावन्न वर्षे ओठांच्या आत ठेवला होता.

“ये, दगू,” मी म्हणाले.

वर्षाने चमकून माझ्याकडे पाहिले. मी मुलीला पाळण्यात ठेवले आणि पहिला झोका दिला. साखळ्या वाजल्या.

“बारसे रविवारी,” मी सांगितले. “इथेच. नाव तुम्ही दोघी विहिणी मिळून ठरवा, मी मध्ये पडणार नाही. मात्र जोडाक्षर कठीण नको, शाळेत पोरांना लिहिता येत नाही.”

“पडणार नाही म्हणते आणि पडते,” धनश्री आईच्या कानात म्हणाली, मला ऐकू जाईल अशी.

त्यानंतर लाडू झाले, चहा झाला. राकेश दुपारच्या सुट्टीत आला आणि दारातच थबकला. मी त्याला विचारले की अक्षर अजून तसेच आहे का. तो म्हणाला, “आता फक्त मशीनवर बटणं दाबतो, बाई.” मी म्हणाले, मुलीला गिरवायला तुलाच बसवावे लागेल, सराव ठेव. एवढेच आमच्यात बोलणे झाले, आणि ते पुरले.

निघताना प्रभावतीने ते पुठ्ठ्याचे खोके उचलले. त्यातले कापड काढून घडी केले आणि खोके चेपायला पाय उचलला.

“ते चेपू नका,” मी म्हणाले. “भूपेंद्र, ते टेम्पोत ठेव. कापडासकट.”

“रिकामं खोकं कशाला नेता, बाई?” प्रभावती म्हणाली. “फेकायचंच आहे.”

“फेकायचे नाही. कोसाडला इंदुबाईकडे द्यायचे आहे. तिच्याकडे त्याला जागा आहे.”